शिवणकाकूंची मोजणी

महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या व्यायामशाळेतली माणसं जरा वेगळीच वागत. एरवी धापा टाकत जिना चढणारे त्या दिवशी पोट आत ओढून, श्वास धरून वर येत. कुणी पाण्याचा घोट घेत नसे. बँकेतले एक साहेब तर घड्याळ, पट्टा, चष्मा आणि खिशातली किल्लीसुद्धा काढून ठेवत आणि वजनकाट्यावर पाय ठेवण्याआधी गंभीर चेहऱ्याने विचारत, "अंगठी काढू का?" कारण तो मोजणीचा दिवस असे.

मोजणी करायची मास्तरीण. ती तिथली प्रशिक्षक. तिचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिची शिस्त अशी की मास्तरीण हेच नाव तिला चिकटलं. वय चाळिशीला दोन वर्षं कमी, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजून मापून. कोपऱ्यात पडदा लावून केलेल्या खोलीत तिचं स्टूल, कापडी टेप आणि एक चिमटा. साधासुधा चिमटा नव्हे. कातडीची चुणी बोटांनी उचलून त्यात धरली की तिची जाडी बारक्या तबकडीवर दिसायची आणि त्यावरून अंगात चरबी किती टक्के ते काढता यायचं. बायकांच्या तीन जागा ठरलेल्या: दंडाची मागची बाजू, कमरेचं हाड, मांडीचा मध्य. नेहमी उजवी बाजू. प्रत्येक जागा तीन-तीन वेळा. आणि मोजणारा हात कायम एकच, कारण हात बदलला की आकडा बदलतो. मोजणीआधी दोन तास पोट रिकामं हवं, हेही ती प्रत्येकाला बजावायची. या नेमधर्माचा मास्तरणीला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हतीच.

आकडा आधी कार्डावर जायचा आणि मग फलकावर. फलक ही मालकांची कल्पना. दारातून आत शिरताच दिसेल असा तो लावलेला. सर्वांत जास्त चरबी घटवणारं माणूस सोनेरी चांदणीसकट वर, आणि ज्याची वाढली ते तळाला. तळाची माणसं दारातून शिरताना मान दुसरीकडे वळवायची. एक बाई तर सलग दोन महिने तळाला राहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात यायच्याच बंद झाल्या. मालक म्हणाले, "जिद्दच नव्हती तिच्यात." मास्तरणीने तेव्हा मान डोलावली होती.

या व्यायामशाळेत पाच महिन्यांपूर्वी शिवणकाकू आल्या. वय बासष्ट. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, म्हणून हे नाव. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा लांबच्या देशात. त्यानेच फोनवरून आईचं नाव इथे घातलं होतं. "आई, घरात एकटी बसून राहू नकोस, चार माणसांत जा," असं म्हणाला. चार माणसं इथे होती खरी, पण प्रत्येकाच्या कानात गाणी आणि डोळे आरशात! काकू सगळ्यांकडे बघून हसायच्या. हसू परत यायचंच असं नाही.

पहिल्या मोजणीला काकूंचा आकडा आला छत्तीस टक्के. दुसऱ्या महिन्यात तेहतीस. मास्तरीण खूश झाली आणि तिने काकूंच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास काकू! असंच चालू राहू दे." काकू लाजल्या. त्या दिवशी घरी जाताना त्या जिन्यात उगाच दोन मिनिटं थांबल्या होत्या, हे कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या महिन्यात आकडा जेमतेम एकाने खाली आला. मास्तरणीने कार्डावर बत्तीस लिहिलं आणि वर न बघता म्हणाली, "काकू, कुठेतरी तोंड सुटलंय तुमचं." पाठीवर हात पडला नाही. चौथ्या महिन्यात अठ्ठावीस. हात पडला. पाचव्या महिन्यात पंचवीस, आणि काकूंचं नाव सोनेरी चांदणीसकट फलकाच्या डोक्यावर! बँकेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी जाहीर केलं, की सोमवारी काकूंचा फोटो काढायचा, विजेत्याचा लाल टी-शर्ट घालून, आणि तो पत्रकावर छापायचा. "बासष्टाव्या वर्षी जे यांना जमलं ते तुम्हाला का नाही?" असं त्याखाली लिहायचंही ठरलं.

त्याच कार्डावर आणखी एक रकाना होता. हातात किती वजन उचललं त्याचा. त्यात ओळीने चार किलो, चार, तीन, तीन, दोन असं लिहिलेलं होतं. मास्तरणीच्याच अक्षरात. तिने ते दर महिन्याला लिहिलं आणि एकदाही सलग वाचलं नाही. वय झालंय, होतं असं, एवढंच तिच्या मनात आलं.

आता मास्तरीण काही दुष्ट नव्हती. ती दिवसाला दहा तास राबायची आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या एका खोलीत राहायची. लग्न तीन वर्षांत मोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. घरी गेल्यावर ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवायची, कारण एका ताटासाठी टेबल मांडायचं तिच्या जिवावर यायचं. व्यायामशाळेतल्या चाळीस माणसांच्या मांड्यांचा घेर तिला तोंडपाठ होता. पण त्या चाळिसातल्या एकाच्याही घराची पायरी ती कधी चढली नव्हती, आणि तिच्याही दारावर दूधवाल्याशिवाय कुणाची थाप पडत नसे.

सोमवार आला. फोटोवाला आला, दिवे लागले, काकू आल्या नाहीत. फोन लावला तर नुसता वाजत राहिला. मालकांच्या कपाळावर आठी. मंगळवारी दुपारी ते मास्तरणीला म्हणाले, "तू जाऊनच ये. टी-शर्ट दे, आणि चिमटा घेऊन जा. एकदा परत मोज. छापायचं म्हणजे आकडा पक्का हवा."

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारावर जुनी पाटी, "शिवण व दुरुस्ती". जिन्यात शेजारची बाई भेटली. मास्तरणीच्या हातातला लाल टी-शर्ट बघून म्हणाली, "तुम्हीच का त्या व्यायामशाळेतल्या? काय बारीक झाल्यात हो काकू! ओळखू येईनात. मलाही सांगा ना काहीतरी." मास्तरणीला बरं वाटलं. माणूसच ते, कौतुक कुणाला नको असतं?

दार बऱ्याच वेळाने उघडलं. काकू एका हाताने चौकट धरून उभ्या होत्या. मास्तरणीला बघून आधी गोंधळल्या आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला कोडं पडावं.

"मॅडम! तुम्ही? घरी?"

"परत मोजायचंय, काकू. पाच मिनिटांचं काम."

"मोजायचंय?" असं म्हणत काकूंनी आपण होऊन उजवी बाही वर सरकवली आणि खुर्चीत बसून दंड पुढे केला. घाई अशी, की जणू देऊ केलेली वस्तू कुणी परत नेईल.

मास्तरणीने चुणी उचलली. तिच्या बोटांनी हजारो चुण्या उचलल्या होत्या, त्यामुळे बोटं आधी चपापली. चुणी पातळ होती, पण तिच्याखाली जो भरीव दंड लागायला हवा तो लागेना. तिने टेप काढून दंडाचा घेर घेतला. कार्डावरच्या पहिल्या मापापेक्षा तीन सेंटिमीटर कमी! हात गार पडलेला. "उभ्या राहा बघू, कंबर घेते," ती म्हणाली. काकू उठल्या, डगमगल्या आणि मास्तरणीच्या खांद्यावरच कलंडल्या.

"काकू! आज काय खाल्लंत?"

"चहा घेतला ना."

"आणि काल?"

काकू शिलाई मशीनकडे बघत राहिल्या.

मास्तरणीने त्यांना खुर्चीत टेकवलं आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर कापडांचे तुकडे घडी घालून रचून ठेवलेले, वर इस्त्री. तिने फ्रीज उघडला. आत दिवा लागला नाही. कप्प्याकप्प्यांत दोऱ्याची रिळं मांडलेली, लाल एका कप्प्यात, निळी दुसऱ्या, अंड्यांच्या खळग्यांत बटणं. खायची वस्तू म्हणाल तर ओट्यावर अर्धा बिस्किटांचा पुडा.

"हे कधीपासून चाललंय?" ती बाहेर येऊन जवळजवळ ओरडलीच.

"एकटीला कशाला फ्रीज?" काकू सावकाश म्हणाल्या. "आणि तुम्हीच तर सांगितलं होतं, मोजणीआधी पोट रिकामं हवं."

"दोन तास, काकू! दोन तास!"

"पहिल्या खेपेला दोनच तास ठेवलं. मग वाटलं, सकाळपासून ठेवावं. मग आदल्या दिवसापासून. तिसऱ्या महिन्यात तुम्ही म्हणालात तोंड सुटलंय. तेव्हापासून शेगडी बंदच करून टाकली. आधीही एकटीसाठी पेटवायचा कंटाळाच होता. निमित्त मिळालं."

"हा काय वेडेपणा! नुसती चरबी नाही गेली तुमची, ताकद गेलीय! या वयात पडलात, हाड मोडलं, तर कोण आहे इथे? निदान मला सांगायचंत तरी!"

काकू हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"तुम्ही विचारलं कुठे, मॅडम? तुम्ही आकडा मागितलात, मी आकडा दिला."

मास्तरीण स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"बसा इथे," काकू म्हणाल्या आणि मशीनच्या खणातून त्यांनी एक जाड वही काढली. "ही माझी मापांची वही. चाळीस वर्षांची. ही मी कधी कुणाला दाखवली नाही. एकीचं माप दुसरीला सांगितलं नाही, भिंतीवर तर बाईच्या कमरेचा आकडा मी मेले तरी लावला नसता. कुणी जाड होऊन आलं तर मी मुकाट्याने शिवण उसवायची आणि कापड सोडायची. पण कुणी कपडे आत घ्यायला आणले ना, की मी टेप फिरवता फिरवता विचारायची, काय गं, झोप लागते ना? जेवण जातं ना?"

"का?"

"कारण मी बघितलंय. कपडे सैल होतात ते सगळेच सुखाने होत नाहीत. एकीचं मूल गेलं होतं. एकीला सासरी पोटभर मिळत नव्हतं. एक मुलगी मैत्रिणींच्या चेष्टेला भिऊन डबा फेकून द्यायची. आणि गल्लीभर त्यांचं कौतुक चाललेलं, काय छान बारीक झालीस म्हणून! आता मी बारीक झाले. जिन्यात भेटेल ती विचारते, काय करता हो? मुलगा फोनवर बघतो आणि म्हणतो, आई, मस्त दिसतेस. काकू, जेवलात का, असं या पाच महिन्यांत एका माणसानेही विचारलं नाही."

पुढचं बोलताना त्यांनी मान खाली घातली.

"मला बारीक व्हायचंच नव्हतं. आकडा खाली आला की तुम्ही पाठीवर हात ठेवता. हे गेल्यापासून माझ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. महिनाभर मी त्या शनिवारची वाट बघते. तुम्ही चिमट्याने नऊ वेळा मोजता ना, मी मनात म्हणते, दहाव्यांदा मोजलं तरी चालेल."

बारा वर्षं ज्या मास्तरणीने माणसांचे दंड, कमरा, मांड्या मोजल्या, एक मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तिच्या हाताखाली एक माणूस उपाशी बसलं होतं आणि तिने त्याला चांदणी दिली होती! तिला ती तळाला राहिलेली बाई आठवली. पाठीवर न ठेवलेला हात आठवला. आणि शरमेने तिचे कान तापले.

ती उठली. खाली जाऊन बटाटे, अंडी, दूध आणि पाव घेऊन आली. शेगडीवरचे कापडाचे ढीग उचलून पलंगावर ठेवले. बटाटे उकडले, अंडी तव्यावर टाकली आणि दोन ताटल्या मांडल्या. "हळूहळू खा, एकदम नको," ती म्हणाली. आज मास्तरणीचा हुकूम असा कापरा निघाला, की काकूंनाच तिची कीव आली. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. अर्ध्या जेवणात मास्तरणीच्या लक्षात आलं, की आपणही कितीतरी महिन्यांनी खुर्चीवर बसून जेवतोय.

जेवण झाल्यावर काकूंनी लाल टी-शर्ट अंगाला लावून बघितला. दोन्ही बाजूंनी ओंजळ-ओंजळभर कापड लोंबत होतं. सवयीने त्यांचा हात टाचण्यांच्या डबीकडे गेला. "आत घ्यावा लागेल."

"अजिबात नाही," मास्तरीण म्हणाली. "टी-शर्ट आहे तसाच राहील. तुम्ही त्यात भरायचं. घाई नाही. आणि उद्या आपण आधी डॉक्टरांकडे जायचं."

"बरं बाई." काकूंनी मान वर केली आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. "तुझी पँट कमरेला केवढी सैल झालीय गं. दोऱ्याने आवळलीयस वाटतं? उभी राहा."

मॅडमची 'तू' कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही. काकूंनी गळ्यातला टेप काढला. मास्तरीण हात वर करून उभी राहिली. त्यांची गार बोटं टेपाबरोबर तिच्या कमरेभोवती फिरली, पाठीच्या कण्यापाशी क्षणभर थांबली. बारा वर्षांत तिचं माप कुणी घेतलं नव्हतं.

"काय गं," काकूंनी विचारलं, "झोप लागते ना?"

आणि ती कडक शिस्तीची, मोजून बोलणारी बाई हात तसेच वर धरून हमसून हमसून रडायला लागली. काकूंनी टेप सोडून दिला आणि तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरणीने फलक खाली उतरवला. मालक भडकले. "फलक काढलास तर लोक येतील कशाला?" ती शांतपणे म्हणाली, "ज्या बाई यायच्या बंद झाल्या त्यांना विचारा, त्या का गेल्या. माझ्या चिमट्यात जिद्द मोजता येत नाही, साहेब. भूकही येत नाही. फलक पुन्हा लागला तर मोजायला दुसरं माणूस बघा." मालकांनी आठवडाभर तोंड फिरवलं, पण मोजणाऱ्याचा हात बदलला की आकडे बदलतात हे त्यांनाही पाठ होतं. त्या जुन्या बाईंना मास्तरणीने स्वतः फोन करून क्षमा मागितली. "बघते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. प्रत्येक जखम एका फोनने भरून येत नाही, हेही तिला त्या दिवशी कळलं.

मंडळी, मोजायला हरकत नाही. वजन मोजावं, घेर मोजावा, डॉक्टर सांगतील ते सगळं मोजावं. पण आपण काय करतो? माणूस दारात दिसलं रे दिसलं, की आपली नजर त्याच्या पोटावर जाते आणि जीभ सैल सुटते. "जाड झालास!" "बारीक झालीस!" यालाच आपण विचारपूस म्हणतो! अंग का भरलं, का उतरलं, हे त्या माणसालाच ठाऊक असतं, आणि ते सांगायला त्याला कुणीतरी विचारणारं लागतं. तुमच्या जिन्यात, तुमच्या कचेरीत, कदाचित तुमच्याच फोनच्या पलीकडे अशी एखादी शिवणकाकू असेल. तिच्या अंगाबद्दल बोलू नका. तिला विचारा, जेवलीस का, झोप लागते का. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार. मोजणीच्या खोलीत मास्तरणीने दोन खुर्च्या ठेवल्या होत्या आणि कार्डावर सगळ्यांत वर एक नवा रकाना आखला होता. "काल कुणाबरोबर जेवलात?" बँकेतले साहेब तो वाचून आधी हसले आणि मग म्हणाले, "याचं उत्तर लिहायलाच पाहिजे का?" मास्तरीण म्हणाली, "लिहू नका. बसा, सांगा." त्या दिवशी त्यांची मोजणी अर्धा तास चालली. अंगठीची आठवण कुणालाच झाली नाही.

शिवणकाकू शेवटी आल्या. रकान्यात लिहायचं काही नव्हतं, कारण काल त्या मास्तरणीबरोबरच जेवल्या होत्या. त्यांनी बाही वर सरकवली आणि घाबरत विचारलं, "आकडा वाढला असेल गं. चालेल?"

मास्तरणीने चिमटा बाजूला ठेवला. आधी काकूंच्या पाठीवर हात ठेवला, नीट, सावकाश. मोजणी त्यानंतर केली.